फाशांशिवाय व्यापार

अण्णा सांगलीत एका अडत दुकानात दिवाणजी होते. सकाळी टोपी घालून मार्केट यार्डात जायचे आणि दिवसभर हळद, गूळ, शेंगा यांच्या पट्ट्या लिहायचे. शेतकऱ्याचा माल किती, भाव काय, त्यातून हमाली किती, तोलाई किती, अडत किती, आणि शेवटी हातात काय, हे सगळं ज्या कागदावर मांडतात ती पट्टी. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना कार्बनचा निळा रंग आणि सदऱ्याला हळदीचा वास असायचा. अशा माणसाकडे दादानं आणि मी उन्हाळ्याच्या सुट्टीत 'व्यापार' नावाचा पटावरचा खेळ मागितला.

"दिवसभर लोकांचा व्यापार लिहून येतो. घरी येऊन परत तोच मांडू?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. त्या वर्षी आमच्या ओळखीच्या ज्या घरांत जरा बरे पैसे होते, त्या प्रत्येक घरात तो खोका आला होता. आम्ही खेळायचो ते दुकानाच्या मालकांच्या घरी, त्यांच्या नातीबरोबर. तिच्या पटावर शहरांत मुंबई सगळ्यांत महाग, ८५०० रुपये. इंदूर १५००. रेल्वे, एअर इंडिया, मोटरबोट, सॅटेलाईट. उटी आणि दार्जिलिंग विकत मिळायचं आणि त्यावर चिमुकली प्लॅस्टिकची घरं ठेवायची. मला त्या घरांपेक्षा नोटा आवडायच्या. शंभराची, पाचशेची अशी रंगीत गड्डी हातात धरून अंगठ्यानं फर्रकन सोडायची, तो आवाज खऱ्या नोटांच्या वाट्याला आमच्या घरी कधी आला नव्हता.

मालकांच्या घरी आम्ही रोज जातो हे अण्णांना खटकायचं. ते तसं बोलले नाहीत, पण आई बोलली: "सारखं तिकडं जाऊन बसू नका गं, बरं दिसत नाही." मग दादानं मुद्दा काढला की खेळ घरातच असला तर जावं लागणार नाही. मुद्दा चोख होता. पण अण्णांनी दुसरं कारण काढलं.

"फासे आणि पैसे एका पाटावर नकोत. धर्मराजाचं काय झालं?"

"सापशिडीत पण फासाच असतो की अण्णा."

"तिथं हरलास तर सापाच्या तोंडात जातोस. सावकाराच्या नाही."

यावर दादाकडे उत्तर नव्हतं. किंमत हे तिसरं कारण असणार, पण त्याचा उच्चार आमच्या घरात व्हायचा नाही. 'नको' आणि 'परवडत नाही' यांतला फरक मुलांनी आपापला ओळखायचा.

वाट आईनं काढली. भांडी पुसता पुसता म्हणाली, "विकत आणणार नाही म्हणाले. करायचा नाही असं कुठं म्हणाले?"

मग आधी टेहळणी सुरू झाली. मालकांच्या घरी खेळायला गेलं की दादा एका बाजूची घरं पाठ करायचा, मी दुसऱ्या बाजूची, आणि घरी पळत येऊन पाटीवर उतरवायचो. भाडी फार होती, लक्षात राहीनात. दादा तळहातावर बॉलपेननं लिहायला लागला, तेव्हा मालकांच्या नातीला संशय आला आणि तिनं पट गुंडाळून आत नेला. आम्हाला निम्मी शहरं मिळाली होती, भाडी जवळजवळ कुठलीच नाहीत. दादा म्हणाला, "मरू दे. आपण मुंबई बघितलीय कुठं? सांगली घालूया."

हा निर्णय त्यानं वैतागून घेतला होता, पण खेळ त्यानंच वाचला.

पटासाठी कापडदुकानातून साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे मागून आणले. ते छोटे असतात, म्हणून चार जोडले. आईनं मैद्याची खळ शिजवली आणि त्यात चिमूटभर मोरचूद टाकलं, नाहीतर झुरळं महिन्याभरात पट खाऊन टाकतील. मोरचूद विषारी, म्हणून पातेलं वेगळं आणि आम्ही हात लावायचा नाही अशी ताकीद. पुठ्ठ्यांवर मोठ्या कॅलेंडरचे कागद उलटे चिकटवले, पांढरी बाजू वर. ओला पुठ्ठा वाळताना टोकांकडून वर उचलतो, म्हणून रात्रभर त्यावर पाट आणि पाटावर वरवंटा. तरी एक कोपरा शेवटपर्यंत वाकडाच राहिला, आणि तिथली सोंगटी कलती उभी राहायची. तो कोपरा आम्ही तुरुंगाला दिला.

सांगलीचा तुरुंग पटावर घालायचा म्हटल्यावर नियमही सांगलीचाच हवा. वसंतदादा पाटलांनी १९४३ साली साथीदारांसह हा तुरुंग फोडला आणि पुरानं भरलेल्या कृष्णेत उडी टाकली, ही हकीगत आमच्या शाळेत पाढ्यांसारखी पाठ असायची. तेव्हा आमच्या खेळात जामीन भरून सुटणं हा पळपुटेपणा. मर्दानं तुरुंग फोडावा.

तो फोडायचा कसा, हे सांगण्याआधी चिंचोके. फासे नकोत म्हटल्यावर आम्ही चिंचोक्यांवर आलो. चिंचोका खरखरीत फरशीवर घासत राहायचं, तो दुभंगतो. एक बाजू तपकिरी तुळतुळीत, दुसरी पांढरी. घासताना तो चटका बसण्याइतका तापतो आणि तसाच भावंडाच्या दंडाला लावायचा असतो, हे मी न सांगताही ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे. अशी सहा अर्धुकं दोन्ही हातांत खुळखुळवून टाकायची. जितकी पांढरी तितकी घरं. सगळी तपकिरी पडली तर बारा. आणि सहाच्या सहा पांढरी पडली तर तुरुंग फुटला.

आता हिशेब करते तर चिंचोके सरळ वागले असं धरून चौसष्ट वेळांत एकदा तुरुंग फुटणार. त्यामुळे आम्ही मर्द बराच काळ आतच बसून असायचो आणि शेवटी गपचूप जामीन भरायचो. दादाच्या मात्र एक गोष्ट फार लवकर ध्यानात आली: सहा अर्धुकांत तीन पांढरी पडायची शक्यता सगळ्यांत जास्त. सुरुवातीच्या 'दुकान' या घरापासून तिसरं घर मारुती रोड. तो पहिल्याच फेरीत मारुती रोड घ्यायचा आणि मला म्हणायचा, नशीब लागतं.

पटाला अठ्ठावीस घरं होती. चार कोपरे म्हणजे दुकान, तुरुंग, गणपती मंदिर आणि हरिपूर. मधल्या घरांत गणपती पेठ, हरभट रोड, माधवनगर, साखर कारखाना, विलिंग्डन कॉलेज, नाट्यगृह, तासगावचा द्राक्षमळा. मिरजेला तीन घरं, कारण मिरज जंक्शनात तेव्हा तीन रुंदीचे रूळ होते: पुण्याकडे ब्रॉडगेज, हुबळीकडे मीटरगेज आणि पंढरपूरकडे जाणारी छोटी बार्शी लाईट. तिन्ही एकाकडे आले की भाडं दुप्पट. विश्रामबाग आम्ही सगळ्यांत स्वस्त ठेवलं, कारण तेव्हा ते आमच्या दृष्टीनं गावाबाहेर होतं आणि तिथं जायला सायकल मिळत नव्हती. आज तिथले फ्लॅटचे भाव ऐकले की दादा त्या किमतीवरून मला अजून टोचतो. किंमत माझी होती.

'चान्स'ऐवजी तेजी आणि मंदीची पत्ती होती. दिवाळीचा बोनस मिळाला. गणपतीची वर्गणी द्या. एसटी चुकली, एक डाव बसा. कृष्णेला पूर आला. हे शेवटचं पान हरिपूरशी जोडलेलं होतं. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हळदीची पेवं होती, म्हणजे जमिनीत खणलेली कोठारं, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आत पाला लावून हळद भरायची, तोंड मातीनं बंद करायचं. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, जीव गुदमरतो. अण्णा एकदा आम्हाला दाखवायला घेऊन गेले होते आणि मी लांबूनच बघितलं होतं. आमचा नियम असा की हरिपूरला पोहोचलं की पेवात पैसे पुरायचे, पुढच्या फेरीत ते दुप्पट. मधे पूर आला तर सगळे गेले.

अण्णांनी पट पहिल्यांदा बघितला तो जेवणानंतर, उभ्या उभ्या, सुपारी कातरत. रागावतील म्हणून आम्ही श्वास धरून बसलो होतो. त्यांनी सगळी घरं वाचली. हरिपूरपाशी थांबले.

"पेवातली हळद दुप्पट कशी होते?"

"पुरून ठेवली म्हणून."

"पुरून ठेवली तर आहे तेवढीच राहते. बाहेर भाव वाढला तर पैसे वाढतात. पडला तर कमी होतात. शेवटचं पान कुठलं निघालंय ते बघा. तेजी असेल तर दीडपट द्या. मंदी असेल तर पाऊणपट."

सुपारी तोंडात टाकून ते झोपायला गेले. आम्ही नियम बदलला, आणि बदलल्यावर कळलं की आता पेवात पैसे टाकताना पोटात खरोखर गोळा येतो.

दुसऱ्या दिवशी ते बसले. खेळायला नाही, सोंगटी त्यांनी आयुष्यात कधी हातात धरली नाही. ते बँकेपाशी बसले, म्हणजे माझ्या कंपासपेटीपाशी. आमच्या नोटा होत्या पतंगाच्या कागदाच्या, रंगावरून किंमत. मला पाहिजे तो फर्रकन आवाज त्यांना नव्हता; पतंगाचा कागद घामट हातात नुसता लोळतो. अण्णांनी पेटी उघडून बघितली आणि विचारलं, "रोजमेळ कुठाय?"

दुकानातून कोऱ्या पानांची एक अर्धवट वही आली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. खेळ सुरू करायच्या आधी आरंभीची शिल्लक लिहायची. कोणी जागा घेतली, कोणी भाडं भरलं, कोणाला बोनस मिळाला, सगळं तारीख घालून वहीत. उठण्यापूर्वी पेटीतल्या नोटा मोजायच्या आणि वहीशी ताळा घालायचा. ताळा बसल्याशिवाय अंथरुणं नाहीत.

खरं सांगायचं तर सुरुवातीला हे भयंकर कंटाळवाणं होतं. सुट्टीत कोण जमाखर्च लिहितं? वाड्यातली दोन पोरं दोन दिवसांत पळाली. पण राहिलो त्यांना त्याची चटक लागली, कारण भांडणं वहीवर यायला लागली. 'मी दिले होते' आणि 'तू दिलेच नाहीस' हा वाद पान उलटून मिटायचा. आणि एका रात्री ताळा बसला नाही. पेटीत पाचशे रुपये जास्त निघाले. मला वाटलं, बरं झालं, बँकेचा फायदा. अण्णांचा चेहरा मात्र बदलला.

"तूट निघाली तर माणूस विसरलेला असतो. वाढ निघाली तर काहीतरी झालेलं असतं."

त्यांनी पाचशेच्या सगळ्या नोटा दिव्याखाली मांडल्या. एका नोटेवरचा पाच बाकीच्यांपेक्षा जरा ऐटदार होता, शेपटीला वळण असलेला. असा पाच घरात एकच जण काढायचा. दादा तेव्हापासून वर्षभर आमच्यात 'नाशिकचा छापखाना' होता.

अण्णांचा सगळ्यांत मोठा नियम दिवाळखोरीचा. मालकांच्या घरच्या खेळात पैसे संपले की माणूस उठून बाजूला बसायचा आणि बाकीच्यांचा खेळ बघत राहायचा. अण्णा म्हणाले, इथं कुणी उठायचं नाही. ज्याचं दिवाळं निघेल तो बँकेचा दिवाणजी. त्यानं रोजमेळ लिहायचा, फेरीला पगार घ्यायचा आणि पगार साठवून पुरेसे पैसे झाले की पुन्हा सोंगटी मांडायची. त्या नियमामुळे आमचा खेळ संपायचाच नाही. एक डाव एका सुट्टीत सुरू होऊन दिवाळीच्या सुट्टीत पुढे चालला होता. वही होती ना, मधली मांडणी कुणाला लक्षात ठेवायला लागत नव्हती.

तो नियम कुठून आला हे मला आत्याकडून कळलं, कॉलेजात गेल्यावर. सांगलीत हळदीचा वायदेबाजार होता. आमच्या आजोबांची गणपती पेठेत स्वतःची पेढी होती, आणि हळद भरपूर बघितलेल्या त्या माणसानं न बघितलेल्या हळदीचे सौदे करायला सुरुवात केली. एका मंदीत पेढी गेली. अण्णा तेव्हा मॅट्रिकला होते. ज्यांनी पेढी घेतली त्यांच्याच गादीवर त्यांना लिहायला बसवलं. "तुझ्या अण्णाचं अक्षर चांगलं होतं म्हणून," आत्या म्हणाली आणि विषय बदलला. मी अण्णांना याबद्दल कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी काढलं नाही.

पुढे कधीतरी या खेळाच्या मूळ वंशाबद्दल वाचलं. आपला व्यापार ज्या अमेरिकन मोनोपोलीवरून आला, तिच्याही आधी लिझी मॅगी नावाच्या बाईंनी 'लँडलॉर्ड्स गेम' नावाचा पट केला होता आणि १९०४ साली त्याचं पेटंट घेतलं होतं. बाई लघुलेखिका म्हणून काम केलेल्या, म्हणजे दुसऱ्यांचं लिहून देणाऱ्या. जमिनीचं भाडं खाऊन थोडे लोक कसे श्रीमंत होतात आणि बाकीचे कसे पिळले जातात हे दाखवायला त्यांनी तो खेळ केला. नियमही दोन तऱ्हेचे काढले, एकात सगळं एकाच्या घशात जातं, दुसऱ्यात कमाई सगळ्यांत वाटली जाते. लोकांना अर्थातच पहिला आवडला. १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीनं त्यांच्याकडून पेटंट ५०० डॉलरना घेतलं, आणि खेळाचा जनक म्हणून नाव आणि पैसा मिळाला चार्ल्स डॅरो या गृहस्थाला.

मला जास्त गंमत वाटली ती बाईंच्या पटाच्या एका कोपऱ्याची. ज्याच्याकडे पैसे उरले नाहीत आणि गहाण टाकायलाही काही नाही, त्यानं तिथल्या गरिबांच्या घरात जाऊन बसायचं आणि फेरी पुरी करण्यापुरतं दान पडेपर्यंत थांबायचं. म्हणजे तिच्या पटावरही दिवाळं निघालेला माणूस उठून जात नव्हता.

मी हे सगळं अण्णांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पाचशे डॉलर? सगळे मिळून?"

"होय."

"पट्टी चुकीची झाली बाईची."

२००५ च्या पुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी आलं आणि खालच्या कपाटातला पट गेला. त्याच पुरात हरिपूरची बरीच पेवंही गेली. आमचं पूर आल्याचं पान असं दोन्हीकडे निघालं. रोजमेळाच्या वह्या मात्र माळ्यावर होत्या, अण्णांच्या इतर वह्यांबरोबर. २०२० च्या टाळेबंदीत दादा आणि मी दोघंही कुटुंबांसह सांगलीत अडकलो, तेव्हा त्या खाली काढल्या आणि वहीवरून पट परत उभा करायला घेतला.

काम चिवट होतं. वहीत घरांची जागा नसते, फक्त व्यवहार असतात. 'श्री मारुती रोड भाडे जमा १८०' अशी नोंद दिसली की भाडं कळतं. विकत घेतल्याची नोंद सापडली की किंमत कळते. मग एका डावातल्या एका खेळाडूच्या ओळी क्रमानं वाचायच्या आणि कोणत्या घरानंतर कोणतं येतं त्याचा अंदाज बांधायचा. दादाच्या मुलीनं ते संगणकावर तक्त्यात भरलं. ती तेव्हा दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, आणि इतकी मन लावून तिनं कुठलीच वही वाचली नसेल. सत्तावीस घरं बसली. अठ्ठाविसावं कुठल्याच पानावर नाही. दादाच्या मते ते बुधगाव, माझ्या मते आमराई. आईच्या मते दोन्ही नाहीत, तिथं आम्ही भडंगाचं दुकान काढलं होतं, ते फार महाग ठेवल्यामुळं कुणी घेतलंच नाही, आणि तिथं पडलेला बँकेला काही द्यायचा नाही, फक्त आईकडून भडंग आणायचा. आईचं म्हणणं मानलं.

मोरचूद या वेळी मिळालं नाही. चिंचोके मिळाले.

पहिलं दिवाळं भाचीचं निघालं, मारुती रोडवर, आणि कारणीभूत तिचा बापच. नियमाप्रमाणे वही तिच्यापुढे सरकवली. तिनं जुनी वही उघडली, दिवाणजीचा पगार फेरीला ५० असा वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"एवढ्यात मी लिहिणार नाही. भाडी त्यात भागत नाहीत. दर फेरीला ५० साठवले तर मला परत खेळायला किती फेऱ्या लागतील, काढलंय मी."

दादा म्हणाला, नियम म्हणजे नियम. ती म्हणाली, मग तुम्हीच लिहा. खेळ थांबला. अण्णा कोपऱ्यात खुर्चीवर बसून ऐकत होते. त्यांनी तिला हाक मारली, खांद्यावरचा पंचा काढून दोघांच्या हातांवर टाकला आणि जनावरांच्या बाजारात करतात तसा बोटांनी सौदा सुरू केला. तिला बोटांचे आकडे येत नव्हते, ते त्यांनी आधी कानात सांगितले. पंच्याखाली बराच वेळ काहीतरी चाललं होतं. दोनदा तिनं मान हलवली, एकदा त्यांनी.

सौदा गुप्त राहायला हवा, पण रोजमेळात तो लिहावा लागतोच. 'दिवाणजी पगार नावे ३५०, मागील फेरीपासून.'

"मागील फेरीपासून?" दादा ओरडला.